विंगेतली टाच

९ जानेवारी

मॅनेजर म्हणतो, रोज थोडं लिहीत जा. "सर, उद्या आत्मचरित्र काढायचं म्हटलं की हेच कामाला येतं." माणूस लाळघोट्या आहे, पण डोकं आहे त्याला. तेव्हा आजपासून लिहितो.

बँड मोडून वर्ष होत आलं. लोक अजून दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात अडवून विचारतात, "परत एकत्र कधी येणार?" मी हसून म्हणतो, बघू या. मनात म्हणतो, कशाला रे बाबांनो? बँड म्हणजे होतं कोण? गळा माझा, शब्द माझे, पोस्टरवर थोबाड माझं. गिटारवाला परदेशी जाऊन बसला, त्याला सोडा. ड्रम्सवर होता पैलवान. तो आता एकट्याचे कार्यक्रम करतो. दीड तास नुसते ड्रम्स! आत शिरतानाच लोकांना कापसाचे बोळे वाटत असतील.

आणि तिसरा मुका. बेस गिटार वाजवायचा. खरा मुका नाही, फक्त बोलत नाही. ते नाव मीच ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की खुद्द माझी बहीणही त्याला त्याच नावाने हाक मारते. हो, दुर्दैवाने तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे. तोही म्हणे स्वतःचा अल्बम करतोय, मागच्या खोलीत, गाद्या भिंतीला टेकवून. बेसवाल्याचा एकट्याचा अल्बम म्हणजे ताटात नुसतं मीठ वाढलंय आणि जेवण कुठाय तर शेजारी.

माझा पहिला एकट्याचा कार्यक्रम मार्चमध्ये आहे, मोठ्या थिएटरात. रेकॉर्ड कंपनीचे लोक येणार. कार्यक्रम गाजला तर दोन अल्बमचा करार. पडला तर मी जन्मभर "त्या बँडमधला तो" म्हणून दुकानांच्या फिती कापत फिरायचं. मला फिती कापायच्या नाहीत.

१४ जानेवारी

पहिली तालीम. सगळी पोरं नवी, सगळी शिकलेली, कागद वाचून वाजवणारी. बेसवर एक मुलगी आहे, जाड चष्म्याची. मी तिला चष्मिस म्हणतो.

पहिल्याच गाण्यात ती थांबली. "सर, तुम्ही गाणं एक ठोका आधी उचललंत."

मी म्हटलं, "बाळ, हे गाणं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तू रांगत होतीस. मी जिथे उचलतो, तीच जागा."

सगळ्यांनी निमूट पहिल्यापासून सुरू केलं. बरं वाटलं. शिस्त पहिल्या दिवशीच लागते.

१६ जानेवारी

आज म्हणे मी उशिरा उचललं. परवा आधी, आज उशिरा. ठरवा एकदा काय ते! ड्रम्सवाल्याला घरी पाठवला. जाताना म्हणाला, "सर, मी तुमच्याकडे बघूनच वाजवत होतो, आणि तुम्ही सारखे मागे बघत होता." मागे बघत होतो म्हणे. मागे काय ठेवलंय? भिंत आणि पाण्याचं पिंप.

२३ जानेवारी

नवीन ड्रम्सवालाही घरी गेला. उचल अजून तिथेच, म्हणजे कुठेच नाही. "जिना" तर तिसऱ्या वेळीही जमला नाही. "जिना" हे बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं. सुरुवातीला एकटा बेस गोल गोल फिरत राहतो आणि कुठल्या पायरीवर आहोत ते कळतच नाही. मग मी उचलतो आणि थिएटर पेटतं. चाल तशी मुक्याने आणली होती, पण चालीला काय, चार सूर. शब्द माझे आहेत.

घरी येऊन जुना अल्बम लावला आणि त्याच्याबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलो. एकही उचल चुकली नाही. एकही! म्हणजे मी चुकत नाही हे सिद्ध झालं. चुकतात ती पोरं.

२५ जानेवारी

कंपनी जुने अल्बम नव्याने काढतेय. त्यांच्या रेकॉर्डिस्टचा फोन आला. तो जुन्या टेप साफ करत बसलाय. म्हणाला, "एक विचारायचं होतं. प्रत्येक गाण्यात तुमचा आवाज यायच्या जरा आधी एक टक असा आवाज येतो. तिन्ही अल्बममध्ये. मला वाटतं बुटाची टाच आहे. ठेवू का काढू?"

मी हसलो. ती मुक्याची खोड. टणक टाचेचे बूट घालायचा आणि घोड्यासारखा पाय आपटायचा. स्टेजवर, तालमीत, जेवायच्या टेबलाखालीसुद्धा. जित्याची खोड, दुसरं काय. म्हटलं, "राहू दे हो. कशाला मेहनत घेता?"

२ फेब्रुवारी

बहिणीकडे जेवायला. मुका मागच्या खोलीत गाद्यांमध्ये बसून तेच ते वाजवत होता. भिंतीतून भांडी घासल्यासारखा आवाज येत होता. मी तसं म्हटलं. बहीण हसली नाही. पूर्वी माझ्या प्रत्येक विनोदाला हसायची.

तालमीचं सांगितलं. किती माणसं बदलली, आजकालच्या पोरांना कसं काही येत नाही. तिने शांतपणे ताट उचललं आणि म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"म्हणजे?"

"म्हणजे दादा, तुला गाता येतं, मोजता येत नाही. कधीच येत नव्हतं. तुझी प्रत्येक उचल हा टाचेने द्यायचा. तुला खरंच माहीत नाही?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! नवऱ्याचं कौतुक असावं, पण त्याला काही सुमार? मी निघालो. मुका दारापर्यंत आला. माझी राहिलेली छत्री हातात दिली.

५ फेब्रुवारी

पैलवानाला फोन केला. कामासाठी नव्हे, सहज. त्याला कुठून तरी सगळं कळलं होतं. इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

"सरकार," म्हणाला (बँडमध्ये मला सरकार म्हणत), "माणसं कसली बदलतोस? टाच कुठून आणणार आहेस?"

तोही तेच. दोघांनी ठरवून बोलावं तसं. मी म्हटलं, तुझ्या ढोलबडवीला कोणी येतं का? तर म्हणाला, "येतात. गंमत सांगू? मी जुनी गाणी वाजवतो तेव्हा तुझी जागा रिकामी सोडतो. सवयच आहे हाताला. लोक त्या रिकाम्या जागेत आपणच गुणगुणतात. बरोबर जागेवर, बरं का."

बिचारा. गायक मिळत नाही म्हणून प्रेक्षकांकडून गाऊन घेतो.

१२ फेब्रुवारी

आजची तालीम बघायला कंपनीच्या बाई आल्या होत्या. चारदा उचल चुकली. त्यांनी फक्त पर्स बंद केली. त्या बंद करण्याचा आवाज अजून कानात आहे.

त्या गेल्यावर मॅनेजर खुर्ची ओढून जवळ बसला. "सर, एक सुचवू? रागावू नका. मुकासाहेबांना विंगेत उभं करायचं का? प्रेक्षकांना दिसणार नाहीत. पोस्टरवर नाव नको, काही नको. नुसते उभे राहतील."

मी म्हटलं, "कशाला?"

तो माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, "शुभशकुन म्हणून."

शुभशकुन म्हणून असेल तर हरकत नाही. घरचाच माणूस आहे, त्यालाही मोठं थिएटर बघायला मिळेल.

१५ फेब्रुवारी

मुक्याकडे गेलो. त्याचाही कार्यक्रम आहे म्हणे, पहिलाच, एका वाचनालयाच्या सभागृहात. आणि तारीख नेमकी माझीच! बहिणीने स्वतः हाताने रंगवलेली पोस्टरं जमिनीवर वाळत घातली होती. मी म्हटलं, "अरे, वाचनालयात येऊन येऊन किती येणार? पुस्तकं बदलायला आलेले आजोबा. ते काय, दुसऱ्या दिवशीही येतील."

बहीण ब्रश हातात घेऊन उभी राहिली. "दादा, लाज आहे का रे?"

मुक्याने तिच्याकडे हात केला, थांब म्हणून. मग बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"येतो सरकार. माझं पुढे ढकलतो. पैसे नकोत, नाव नको. एकच कर. 'जिना'च्या आधी सांग की ही चाल माझी आहे. एक वाक्य. आईच्या आजारपणात दवाखान्याच्या जिन्यावर बसून केली होती. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

"एवढंच ना? सांगतो की!" मी म्हटलं. खरंच सांगणार होतो. मला काय कमी होणार आहे?

निघताना बघितलं तर तो खाली बसून पोस्टरं गोळा करत होता. ओल्या रंगाने हात बरबटले होते. बहिणीने मला चहासुद्धा विचारला नाही. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, ते असं.

१ मार्च

मुका विंगेत उभा राहिला आणि तालीम पहिल्या सुरापासून लागली. सगळ्या उचली जागच्या जागी. मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं ना, गळा तापायला वेळ लागतो एवढंच.

चष्मिस मात्र वाजवताना सारखी विंगेत बघते. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसली. काय एवढं बोलत होते कोण जाणे! मुका आणि बोलतोय! त्याने बूट काढून तिला टाच दाखवली. आतून झिजून एका बाजूला उतरलेली होती. दोघं हसली. तालमीच्या जागी चपलाबुटांचं प्रदर्शन कशाला, असं मी मोठ्याने म्हटलं.

९ मार्च

कंपनीच्या बाई पुन्हा आल्या. पर्स उघडी राहिली.

१७ मार्च, सकाळ

काल कार्यक्रम झाला. सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे, आत्मचरित्रात हे प्रकरण मधोमध येणार.

थिएटर गच्च. पहिल्या रांगेत कंपनीचे लोक. बहीण पाचव्या-सहाव्या रांगेत कडेला, भाऊबीज उरकायला आल्यासारखं तोंड करून. मुका डाव्या विंगेत, नेहमीच्या काळ्या शर्टात. पहिलं गाणं, टक, उचललं. दुसरं, टक, उचललं. आवाज असा लागला होता की मलाच माझा हेवा वाटावा. गाण्यागणिक टाळ्या वाढत गेल्या.

मग "जिना"ची वेळ आली. मी माइक हातात घेतला. ते वाक्य तोंडाशी आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण सबंध सभागृह मुठीत होतं. अशा वेळी कोण चाल कोणाची नि दवाखाना कुठला हे सांगत बसेल? रंगाचा बेरंग. विनोद सुचला, तो केला.

म्हटलं, "आमच्या बँडमध्ये एक बेसवाला होता. त्याला नाव विचारलं तरी तार छेडायचा. हल्ली त्यानेही स्वतःचा अल्बम करायला घेतलाय. शेजारी खूश आहेत. म्हणतात, पोरं लवकर झोपतात." काय हशा पिकला! बाल्कनी अक्षरशः गडगडली. मग मी हात वर केला आणि म्हटलं, "आता 'जिना'. माझं गाणं."

विंगेकडे नजर गेली तर मुका खाली वाकून बुटाची नाडी सोडत होता. सावकाश. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही जोडीने पडद्याशी ठेवले, देवळाबाहेर ठेवावेत तसे. आणि मोज्यांवर उभा राहिला. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मला हसू आलं. पाय दुखत असतील, वय झालं त्याचं.

चष्मिसने बेस सुरू केला. गोल गोल, गोल गोल. मी डोळे मिटले. एक फेरा झाला. उचलायची जागा कुठेतरी इथेच असते. दुसरा फेरा झाला. डोळे उघडून विंगेत बघितलं. दिव्यांच्या झोतात नीट दिसत नव्हतं, पण त्याचा पाय हलत होता, नेमाने, वर आणि खाली. आवाज मात्र नव्हता. लोण्यावर टेकवावी तशी टेकत होती टाच. तो माझ्याकडेच बघत होता. रागाने नाही. कसा ते मला सांगता येत नाही.

तिसरा फेरा. मी कशाची वाट बघत होतो, तेही मला सांगता येत नाही. तोंड उघडलं, मिटलं. पहिल्या रांगेत पर्सचा बंद हलल्यासारखा वाटला.

आणि मग बाल्कनीतून एका बाईने उचललं. एकटीने, बेसूर, पण अगदी जागेवर. लगेच मागच्या रांगा. मग सगळं थिएटर. म्हातारे, पोरी, दारावरचा रखवालदारसुद्धा! एकाही माणसाची जागा चुकली नाही. मी एकटाच उभा होतो. मग मी माइक त्यांच्या दिशेने धरला.

शेवटपर्यंत लोकच गायले. दुसऱ्या कडव्याला मी शिरायला बघितलं, पण त्यांचा जोर इतका की शिरकावच मिळेना. अंगावर काटा आला. प्रेम म्हणतात ते हेच.

कार्यक्रम संपून आत आलो तेव्हा मुका निघून गेला होता. बहीण बाहेरच्या पायऱ्यांवर उभी होती. मला वाटलं, अभिनंदन करायला थांबली. म्हणाली, "एक वाक्य होतं रे दादा. एक."

"अगं, राहून गेलं. पुढच्या वेळी."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला, लहानपणी ताप आला की आई फिरवायची तसा. आणि गेली. बायका अशा वेळी भावुक होतात.

१८ मार्च

पेपरात आलंय! "गायकाने आपलं सगळ्यात मोठं गाणं लोकांच्या हाती सोपवलं. बँड संपला नाही, तो लोकांच्या गळ्यात आहे, हे एका क्षणात सिद्ध केलं." मी केलं! कात्रण इथे चिकटवलंय.

दुपारी कंपनीत करार झाला. दोन अल्बम, वर्षभराचा दौरा. बाई म्हणाल्या, "एकच अट. 'जिना' दर वेळी असाच हवा. तुम्ही गायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

सही केली. सही झाल्यावर आठवलं, त्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला माझा आवाज जिथे चढतो, ती जागा मला फार आवडते.

२६ मार्च

मुका दौऱ्यावर येणार नाही. फोन बहिणीने उचलला. "त्याचा परवा कार्यक्रम आहे," एवढंच बोलली. मी येऊ का, असं विचारलं, तर म्हणाली, "जागा भरल्यात." वाचनालयात!

चष्मिसनेही राजीनामा दिला. आता मुक्याबरोबर वाजवणार. दोन बेस! आंधळ्याला लंगड्याची साथ.

२९ मार्च

मॅनेजर काल वाचनालयात जाऊन आला. मला न विचारता. कसं झालं म्हटलं, तर म्हणाला, "पैलवानही आले होते, सर. शेवटी 'जिना' झाला. मधे तुमची जागा रिकामी सोडली होती. कोणीच गायलं नाही. सगळे नुसते ऐकत बसले. आणि ते चालीबद्दल बोलले. आईबद्दल. जिन्याबद्दल. मला ठाऊकच नव्हतं."

"मग? रडलास का?" मी विचारलं.

"हो सर," म्हणाला.

घरात साप पाळलाय मी.

३० मार्च

रेकॉर्डिस्टला फोन केला. म्हटलं, ती टाच काढा. सगळ्या गाण्यांतून, तिन्ही अल्बममधून. माझ्या आवाजाआधी मला कोणाचं खेटर नको. बघू म्हणावं, आता कुठे वाजवतोस!

तो जरा चाचरला. "सर, ती गाण्यात मिसळून गेलीय. आता काढायला बसलो तर लक्षात येतं, तिच्याशिवाय जरा ओकंबोकं वाटतं. आणि कंपनीची पद्धत अशी की नवी प्रत पक्की झाली की तीच राहते, जुनी ठेवत नाहीत. परत आणता येणार नाही."

"उत्तम," मी म्हटलं.

घरातल्या जुन्या सगळ्या प्रती भंगारात दिल्या. डोक्यावरचं ओझं उतरलं.

२१ एप्रिल

नव्या प्रती आल्या. कव्हरवर फक्त माझा फोटो. आवाज काय स्वच्छ! फरशी पुसून काढावी तसा.

पुढच्या आठवड्यात दौरा सुरू होतो, म्हणून बरोबर गायला बसलो. पहिल्या गाण्याची उचल हुकली. परत लावलं. आधी झालं. परत लावलं. उशिरा. दुसरं गाणं घेतलं, तेही तसंच. "जिना" लावला, तो मला आता गायचा नाहीच आहे, पण लावला. बेस गोल गोल फिरत राहिला आणि मी सोफ्यावर तोंड उघडून बसलो. मग माझाच आवाज माझ्याशिवाय सुरू झाला. बरोबर जागेवर.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. पायातली चप्पल काढून टाचेने फरशीवर मारूनही पाहिली, पण कधी मारायची तेच समजेना.

या स्पीकरमध्येच काहीतरी दोष आहे. उद्या मॅनेजरला सांगून नवे आणवतो.